घरफोडी झाल्यावर आम्हीच रात्री चोरासारखे फिरलो (माझा अनुभव)

मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीत घरफोडी झाली. सिंहगड रोडला आहे, जुनी तीन मजली बिल्डिंग, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरचे काका-काकू भाऊबीजेला गावी गेलेले, कोयंडा उचकटून कपाट साफ केलं, आणि शेजारच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या घालून ठेवल्या, म्हणजे आवाज आला तरी कोणी बाहेर यायलाच नको! सकाळी समोरच्या वहिनी दूध घ्यायला निघाल्या तर दार उघडेना, तेव्हा कळलं.

मी सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायला मीच. चार कॅमेरे होते हो आमच्याकडे. पण पार्किंगच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याचं जाळं, रात्री कॅमेऱ्याचा अंधारात बघायचा आयआर (इन्फ्रारेड) लाइट त्याच्यावरच चमकून सगळं पांढरंफटक, आणि जिन्यातल्याचा प्लग कोणीतरी आकाशकंदिलासाठी काढलेला. तरी मीटिंगमध्ये पहिला ठराव काय, तर अजून आठ कॅमेरे घ्या! कोटेशन पण आलं लगेच.

पंचनाम्याला आलेले हवालदार मात्र जाता जाता बोलले, "कॅमेरा चोर येऊन गेल्यावर कामाचा. त्यापेक्षा एकदा रात्री दोन वाजता चोर होऊन फिरा, कुठनं आत येता येतंय बघा."

मग काय, मी, खजिनदार आणि वॉचमनकाका निघालो. खरं सांगतो, पंधरा मिनिटांत लाज वाटायला लागली. मागच्या भिंतीला भगदाड, डेअरीकडे जायचा आमचाच शॉर्टकट. तिथून आत आलं की टाकीमागे मिट्ट काळोख, ट्यूब पावसाळ्यापासून गेलेली, आणि तिथेच रंगाऱ्याने विसरलेली शिडी (!!). आंब्याची फांदी थेट दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत. वॉचमनच्या केबिनला खिडकी फक्त रस्त्याच्या बाजूला, जिना त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार काय कप्पाळ? आणि आम्ही सगळे त्यालाच बोलत होतो.

काकांचं दार टॉर्च लावून बघितलं. कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लावलेला, प्लायच्या दारात. कुलूप चांगलं जाडजूड पितळी, ते तसंच्या तसं शाबूत, स्क्रूसकट कोयंडाच निघून आलेला. वर असं कुलूप बाहेर लटकलं की घरात कोणी नाही हे जिन्यातनं जाणाऱ्या कोणालाही कळतं.

घरी येऊन नेटवर शोधलं तर याला पूर्ण शास्त्र आहे, सी. रे जेफरी नावाच्या अमेरिकन माणसाने १९७१ मध्ये त्याला नावही दिलं, क्राइम प्रिव्हेन्शन थ्रू एन्व्हायर्नमेंटल डिझाइन. जागाच अशी करायची की चोराला लपायला आडोसा नाही आणि येणाजाणाऱ्याची नजर पडत राहते. हवालदारांनी तेच तंबाखू मळता मळता सांगितलेलं.

पुढची मारामारी पैशांची नव्हती, लोकांची होती. फांदी छाटायला पालिकेची परवानगी, त्यात महिना गेला, आणि आंबे जातील म्हणून दोन घरं रुसली ती वेगळीच. टाकीमागे सेन्सरचा एलईडी लावला, केबिनला जिन्याच्या बाजूने खिडकी पाडली, खालच्या खिडक्यांखाली बोगनवेल लावली, काटे भरपूर असतात. सगळ्यांच्या कोयंड्यांना आरपार नटबोल्ट, आणि ज्यांना परवडलं त्यांनी दारातच बसणारं लॉक बसवून घेतलं. गावी जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं, पेपर आणि दुधाच्या पिशव्या दारात साठू द्यायच्या नाहीत, हे ग्रुपवर पिन केलंय. सगळं मिळून २२ हजार, कॅमेऱ्याच्या कोटेशनच्या निम्मे पण नाहीत. कॅमेरे आहेत तेच ठेवले, फक्त दर रविवारी वॉचमनकाका झाडूने जाळी काढतात.

भगदाड पण बुजवलं. डेअरीला आता वळसा पडतो म्हणून रोज कोणीतरी कुरकुरतं माझ्याकडे. परवा मागे गेलो तर खालच्या दोन विटा परत गायब, आणि बाजूला आमच्याच कोणाची तरी दुधाची रिकामी पिशवी.