३६ ग्रॅमचा पेढा

आमच्या स्वयंपाकघरात रवा-बेसन मोजायला एक डिजिटल काटा होता. मागच्या वर्षी मार्चमध्ये पेढ्याला त्याच्यावर पहिल्यांदा ठेवलं तेव्हा आकडा आला ३८. पुढच्या रविवारी ३८. त्याच्या पुढच्या रविवारी ३७. चौथ्या रविवारी ३६. नवरा म्हणाला, दोन ग्रॅम म्हणजे काय गं, चिमूटभर जिरं. मी हिशोब मांडला. ३८ मधून दोन जाणं म्हणजे साठ किलोच्या बाईचं महिन्यात तीन किलो उतरणं, आणि तेही ती बाई नुकती जन्मलेली असताना. त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

पेढा म्हणजे सुलकाटा जातीच्या कासवाचं पिल्लू. मूळ आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. माझ्या मामेभावाने हौसेने घेतलं, आणि दोन आठवड्यांत त्याला नोकरीसाठी परदेशी जायचं पत्र आलं. तो आला तेव्हा हातात श्रीखंडाच्या डब्याएवढी पेटी, तोंडावर अपराधी हसू. "ताई, तुझ्याकडे गॅलरी आहे," एवढंच म्हणाला. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरची साडेतीन फुटांची गॅलरी! पण माझ्या बारा वर्षांच्या लेकाने झाकण उघडलं, आणि पुढे काही बोलण्यात अर्थ उरला नाही. रंग भाजलेल्या खव्याचा, आकार पेढ्याचा, म्हणून सासूबाईंनी तिथल्या तिथे बारसं करून टाकलं.

कागदांचं आधी सांगते, कारण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो. आपल्याकडचं स्टार कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, ते घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो सरळ गुन्हा आहे; कोणी 'लकी असतं' म्हणून भेट दिलं तरीही. सुलकाटा परदेशी जात आहे, पण तीही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीतली. म्हणून २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर तिची नोंद करावी लागते. प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांच्या आत, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. भावाने त्याच्या नावाने केली होती, मग माझ्या नावाने पुन्हा अर्ज. फोटो, पत्त्याचा पुरावा, कुठून आलं त्याची पावती. कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा घरी येऊन चष्मा वर करून तो कागद वाचला, "बरं बरं" म्हणाले आणि पेढ्याला बोट लावून गेले.

खरी चूक मी वेगळीच केली. वाळवंटातला प्राणी म्हणजे कोरडा ठेवायचा, हे मी स्वतःच ठरवून टाकलं. जुन्या काचेच्या फिशटँकमध्ये वाळू पसरली, वर पिवळा बल्ब टांगला, पाण्याची बशी ठेवली आणि स्वतःवर खूश झाले. पेढा दिवसभर काचेला नाक लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चालायचा. आम्हाला वाटायचं, काय उत्साही आहे! त्याला पलीकडचं दिसत होतं आणि रस्ता सापडत नव्हता, हे नंतर कळलं. खायचा मात्र नावाला. सासूबाई प्रेमाने काकडी, टोमॅटो, एकदा तर कलिंगडाची फोड द्यायच्या, आणि ती तो मिटक्या मारत खायचा. त्यामुळे आम्ही सगळेच फसलो.

३६ आकडा आला त्या सोमवारी मी अर्धी रजा टाकून एका डॉक्टरांकडे गेले. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सरपटणारे प्राणी बघणारे मोजकेच. दोन ठिकाणी फोनवरच "कासव? नाही हो" ऐकून झालं होतं. या बाईंनी पेढ्याला तळहातावर घेतलं, डोळे पाहिले, पोटाकडची ढाल अंगठ्याने अलगद दाबली. "डोळे खोल गेलेत. पाणी मिळत नाहीये त्याला."

मी म्हटलं, बशी आहे की.

"बशी आहे. पण हवा?"

मग त्यांनी जे समजावलं ते मी गाडीत बसून वहीत उतरवून काढलं. सुलकाटा राहतं कोरड्या मुलखात, पण उन्हाच्या काहिलीत ते बिळात असतं, आणि बीळ थंड आणि दमट असतं. मोठ्या कासवाला कोरडी हवा सोसते. पिल्लाच्या अंगात साठा तो किती असणार? वाळूत, बल्बखाली ते तासातासाला सुकत जातं. शिवाय कोरड्यात वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवरच्या चौकटी सपाट न वाढता एकेक उंच होत जातात, टोकं येतात, आणि ती टोकं पुढे जन्मभर तशीच राहतात. "पेढ्याचा मोदक होईल," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना नाव आवडलं होतं.

त्या संध्याकाळपासून घर बदललं. वाळू गेली, ती पोटात गेली तर आतडं अडतं, हेही तेव्हाच कळलं. फिशटँक भंगारवाल्याला. त्याच्या जागी झाकणाचा मोठा प्लॅस्टिक खोका, बाजू अपारदर्शक. तळाला चार बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गरम पाण्याने भिजवून मुठीत दाबलं की लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतकं ओलं. एका टोकाला ऊन शेकायची जागा, ३५-३६ अंश. बाकी कुठेही, रात्रीसुद्धा, २७च्या खाली नाही. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला थर्मोस्टॅट. दिवसा यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी नळी, कारण त्या किरणांशिवाय कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर कॅल्शियम कितीही खाल्लं तरी कवच मऊच. ही नळी दिसायला पेटलेली असली तरी काही महिन्यांनी तिचे किरण मंदावतात. मी कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेखाली तिची तारीख लिहिते.

आणि रोजची अंघोळ. सकाळी साडेसहाला, माझा पहिला चहा व्हायच्या आधी. आइसक्रीमच्या जुन्या डब्यात कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. तोंड आरामात वर राहिलं पाहिजे. वीस मिनिटं ते अर्धा तास. पाणी गार झालं की बदलायचं. पहिले दोन दिवस पेढा डब्याच्या भिंतीवर चढायचा प्रयत्न करत राहिला. तिसऱ्या दिवशी मान लांब केली, नाक पाण्यात घातलं आणि प्यायला लागला. गळ्याची कातडी वरखाली होताना दिसत होती. मी नवऱ्याला हाक मारली, लेक ब्रश तोंडात घेऊनच धावत आला, आणि आम्ही तिघं आइसक्रीमच्या डब्याभोवती उभे राहून एका जिवाला पाणी पिताना बघत होतो. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "झालं काय एवढं?"

अंघोळीत ते शी-शूही करतं. लघवीबरोबर पांढरं काहीतरी येतं, त्याकडे बघायचं: टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक, रवाळ असेल तर पाणी कमी पडतंय. पहिल्या आठवड्यात रवाळ होतं. हा तपशील मी ऑफिसच्या डब्याच्या वेळी एकदा सांगितला, तेव्हापासून मला तिथे कासवाबद्दल कोणी विचारत नाही.

खाण्याचं गाडं रुळावर यायला जास्त वेळ लागला. इंटरनेटवरच्या याद्यांत डँडेलियन, क्लोव्हर. मुलुंडला डँडेलियन कुठे शोधू? मग डॉक्टरच म्हणाल्या, "दूर्वा घाला. हे गवत खाणारं जनावर आहे." दूर्वा! म्हणजे परदेशी लोक ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणून बिया मागवून लावतात ते आपल्याकडे दादरला फुलबाजारात जुड्या बांधून विकायला बसलेलं. संध्याकाळी फोर्टहून येताना मी दादरला उतरायला लागले. सुरुवातीला बारीक कातरून द्यायची, कारण पिल्लाचा जबडा लहान. त्याने हुंगून पाठ फिरवली. काकडीची चटक लागली होती ना! मग काकडीचा रस दूर्वेला चोळायचा, दर दोन दिवसांनी रस कमी. दहाव्या दिवशी नुसती दूर्वा खाल्ली. सोबत जास्वंदीची पानं आणि फूल, सोसायटीच्या कंपाउंडातल्या तुतीची पानं, थोडा शेवग्याचा पाला. फळं बंद, पालक जवळजवळ बंद, पोळी-भात-दूध कधीच नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून कॅल्शियमसाठी समुद्रफेन आणून ठेवलं, ते तो मनात आलं की कुरतडतो. "आमच्या मधुमेहालासुद्धा एवढं पथ्य नाही," सासूबाई म्हणाल्या, पण कलिंगड थांबलं.

बाजारच्या दूर्वेवर फवारा असण्याची धास्ती होतीच. मासळीवाल्याकडून थर्माकोलचे दोन खोके आणले, घासघासून धुतले, आणि जुडीतल्या मुळं असलेल्या काड्या त्यांत लावल्या. दूर्वा पेरावर मूळ धरते, तिला फार लाड लागत नाहीत. गॅलरीत आज माणसाला उभं राहायला जागा नाही.

गॅलरीवरून आठवलं. मे महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, रोज थोडं खरं ऊन द्या. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, काच ते किरण अडवते. सकाळी आठ वाजता पसरट टबात पेढा, अर्ध्या टबावर पुठ्ठ्याची सावली. मी शेजारीच होते. फोन वाजला म्हणून आत वळले, तेवढ्यात खर्रकन आवाज. ग्रिलमधून आत येऊन कावळा टबाच्या काठावर बसला होता आणि चोच पुठ्ठ्याखाली घालत होता. माझ्या हातात पोळ्यांचं लाटणं होतं. कावळा उडाला, लाटणं खाली पार्किंगमध्ये पडलं, नशीब कोणाच्या डोक्यात नाही. पेढा मान-पाय आत ओढून दगड होऊन बसला होता, पाठीवर एक पांढरा ओरखडा. तो अजून आहे. त्या दिवसापासून टबावर जाळी, आणि जाळीवर वजन.

पावसाळ्यात उलटीच परीक्षा. बाहेर हवा इतकी दमट की पापड मऊ, मग ओलावा द्यायची गरजच काय, म्हणून मी निर्धास्त. पण पाऊस लागून राहिला की घरातही २५-२६ अंश होतात, आणि ओलं अधिक गार म्हणजे कासवाची छाती भरते. नाकातून बुडबुडा, तोंड उघडं ठेवून श्वास, असं दिसलं तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. आम्ही तिथवर गेलो नाही. जुलैत एका रात्री लाइट गेली, तेव्हा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला बांधली आणि मी आणि लेक पाळीपाळीने तीन वाजेपर्यंत थर्मामीटर बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याची भूगोलाची चाचणी होती. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

सगळ्यात मोठा प्रसंग मात्र गणपतीतला, आणि तो आमच्या भक्तिभावातून आला. हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी पत्री आणून ताटात ठेवली होती. सासूबाईंना वाटलं, एवढा हिरवा पाला, पेढ्यालाही सण. दोन पानं उचलून खोक्याकडे निघाल्या. मी पोह्यांवर झाकण ठेवत होते, सहज मान वळली. एक पान कण्हेरीचं होतं. पत्रीत कण्हेर असते, धोत्रा असतो, रुई असते. देवाला चालतं, पण पोटात गेलं तर विष. मी "आई!" म्हणून अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरून विचारायला आले. त्या जागच्या जागी खुर्चीवर बसल्या. पान हातातच. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मी तर प्रसाद देत होते." संध्याकाळपर्यंत त्यांनी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून खोक्याच्या झाकणावर त्यांच्या अक्षरात कागद चिकटलाय: दूर्वा, जास्वंद, तुती, शेवगा. इतर काही नाही. खाली दोन रेघा.

पाठ अजून तरी मोदक झालेली नाही. पहिल्या महिन्यातल्या कोरड्या दिवसांची एक खाच मधल्या चौकटींभोवती दिसते. डॉक्टर म्हणतात राहील, पण त्यापुढची वाढ सपाट आहे. नर की मादी ते कळायला कित्येक वर्षं आहेत. मोठं होऊन ५० किलोच्या पुढे जाऊ शकतं, ७० वर्षं जगू शकतं. मुलुंडला ५० किलोचं कासव! नवऱ्याच्या गावी गुहागरजवळ वाडी आहे, चुलतदिराशी बोलणं सुरू केलंय. कुंपण, पावसात कोरडी आणि उबदार राहील अशी खोली, आणि पत्ता बदलला की पुन्हा ते पोर्टल. चुलतदीर विचारतात, "तुळशीवृंदावन खणणार नाही ना?" खणेल. बिळं करणं हाच त्याचा धंदा आहे.

मागच्या रविवारी वजन केलं. स्वयंपाकघरातला काटा आता त्याचाच आहे, आमच्या रव्याला दुसरा आणला. आकडा आला ४१२. लेकाने भिंतीवरच्या तक्त्यात लिहिला आणि काट्याच्या मागचं लेबल वाचत म्हणाला, "आई, हा पाच किलोपर्यंतच मोजतो. मग?"

सासूबाई जुड्या सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रद्दीवाल्याला आत्ताच विचारून ठेवा, त्याचा मोठा काटा विकायचाय का."