०.४ माणूस

अकरा वर्षं मी आमच्या कंपनीतर्फे संशोधन-विकास सर्वेक्षणाचा फॉर्म भरला. काम लेखा विभागाचं, वर्षातून एकदा येणारं. खर्चाचे रकाने अर्ध्या दिवसात भरून व्हायचे. माणसांच्या रकान्यावर मात्र आठवडा जायचा. तिथे नुसती डोकी मोजून चालत नाही, वर्षातला किती वेळ खरोखर संशोधनात गेला ते लिहावं लागतं. सहा महिने संशोधन आणि सहा महिने उत्पादन करणारी इंजिनिअर त्या रकान्यात ०.५ होते.

एका वर्षी डिझाइनमधले एक ज्येष्ठ सहकारी आठ महिने एका पंपाच्या सीलवर काम करत होते. जास्त गरम द्रवात टिकेल असं सील हवं होतं. मी विचारलं, "सर, हे संशोधनात धरायचं की नेहमीच्या कामात?" ते म्हणाले, "मॅडम, आठ महिने रात्रीचा दिवस केलाय. हे संशोधन नाही तर काय?"

मी व्याख्या काढून बसले. काम नवं असावं, त्यात स्वतःची कल्पना असावी, ते पद्धतशीर असावं, दुसऱ्याला तसंच करून पाहता यावं, आणि निकाल आधीपासून ठाऊक नसावा. या शेवटच्या कसोटीवर मी अडले. "सील टिकणार, हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी डायरी उघडली, पानं मागे उलटत गेले. "मे संपेपर्यंत काहीच खात्री नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवं रबर चाचणीत टिकलं. पुढचे तीन महिने साचा आणि पुरवठादार यांतच गेले."

म्हणजे संशोधन पाच महिन्यांचं. पाच भागिले बारा. मी ०.४ लिहिलं. ते जरा नाराज झाले, पण तो आकडा बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

ही व्याख्या फ्रास्काती मॅन्युअलमधली. १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती गावात ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचे तज्ज्ञ जमले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी केलेल्या मसुद्यावर तिथे चर्चा झाली आणि देशोदेशीचं संशोधन एका मापाने मोजायची सोय झाली. पाच कसोट्यांची मांडणी त्याच्या २०१५च्या आवृत्तीतली. मला या पुस्तकाबद्दल खरंच आदर आहे. खात्री नसताना केलेलं काम आणि खात्री झाल्यावर केलेलं काम यांतली रेघ त्यात इतकी नेमकी आखली आहे, की एका डायरीच्या पानावर ती मला बोटाने दाखवता आली.

असे हजारो ०.४ आणि त्यांच्या शेजारचे खर्चाचे आकडे वर जातात. खर्चाची बेरीज होते, तिला जीडीपीने भागतात आणि देशाची टक्केवारी निघते. इस्रायल आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास किंवा वर, भारत ०.६४. पण भागाकारात खालचा आकडाही हलतो, हे बातमीत कुणी सांगत नाही. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी, पहिल्या आकडेवारीनुसार, एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली. जीडीपीशी असलेलं संशोधनाचं प्रमाण घसरलं. एकाही प्रयोगशाळेचा दिवा विझला नव्हता. पुढे त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला अर्थव्यवस्थेचा खरा आकार दाखवायला वेगळं सुधारित माप काढावं लागलं.

मग येतो देशांना क्रम लावणारा निर्देशांक. जागतिक नवोन्मेष (इनोव्हेशन) निर्देशांक २००७ साली सुरू झाला, आता तो विपो ही जागतिक बौद्धिक संपदा संघटना काढते. २०२५ साली त्यात १३९ अर्थव्यवस्था होत्या. कायद्याच्या राज्यापासून पेटंटपर्यंत ऐंशीच्या आसपास मापं, प्रत्येक ० ते १०० मध्ये बसवलेलं, तळाचा देश ० आणि सर्वांत वरचा १००. हे बसवणं म्हणजे काय, ते मी एका रविवारी स्प्रेडशीटवर करून पाहिलं. देश काल्पनिक. पहिल्या रकान्यात 'क'चे ३, 'ख'चे २, 'ग'चे १०, तळाच्या देशाचा शून्य. ० ते १०० मध्ये बसवल्यावर 'क' ३० आणि 'ख' २०. दुसऱ्या रकान्यात 'क' ४०, 'ख' ५५. सरासरी काढली तर 'क' ३५, 'ख' ३७.५. 'ख' पुढे.

मग मी 'ग' काढून टाकला. समजा, त्या देशाची आकडेवारी वेळेत आली नाही. आता पहिल्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा ३, म्हणून 'क'चे झाले १०० आणि 'ख'चे ६७. सरासरी ७० आणि ६१. 'क' पुढे! दोघांनी तसूभरही काही केलं नव्हतं. मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसले.

खऱ्या निर्देशांकात मापं खूप असल्याने एवढी उलथापालथ सहसा होत नाही. शिवाय करणारी माणसं प्रामाणिक आहेत. युरोपीय आयोगाचं संशोधन केंद्र त्याची तपासणी करतं आणि कोणता देश किती स्थानांच्या पट्ट्यात असू शकतो हेही छापलं जातं. पण तो पट्टा फोनवर फिरणाऱ्या चित्रात येत नाही. तिथे येतं '८१ वरून ३८'. भारताचा २०१५ ते २०२५ हा प्रवास मलाही आनंद देतो. त्याच काळात जीडीपीतला संशोधनाचा वाटा मात्र एक टक्क्याच्या आतच राहिला, आणि ही दोन वाक्यं मला एकत्र वाचायला मिळायला हवीत.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. नवोन्मेष कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या ओस्लो मॅन्युअलनुसार बदल जगासाठी नवा असण्याची गरज नाही, त्या कंपनीसाठी नवा आणि वापरात आलेला असला तरी पुरे. व्याख्या म्हणून हे योग्यच. पण सर्वेक्षणात 'गेल्या तीन वर्षांत काही नवं केलंत का?' असं विचारलं की जुनं यंत्र बदलून दुसरीकडे रुळलेलं यंत्र आणणारा 'हो' म्हणतो, आणि जगात सगळ्यांच्या पुढे असलेला, एकाच कठीण प्रश्नावर चार वर्षं अडलेला 'नाही' म्हणतो. दोन देशांचे 'हो' मोजून शेजारी ठेवायचे, तर ते कशाला 'हो' म्हणाले हे आधी बघायला हवं. ते सील टिकलंच नसतं, तर आमचाही त्या प्रश्नाला 'नाही' गेला असता, आणि ते पाच महिने तितकेच खरे असते.

गेल्या वर्षी हा फॉर्म मी नव्या सहकारी मुलीकडे सोपवला. सोबत एक वही दिली. प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक ०.४ पुढे, तो ०.४ का, हे त्यात लिहिलेलं आहे. सीलच्या पानावर डायरीतली जूनची तारीखही आहे.