विटका लाल

चवथीच्या आधीचे दिवस म्हणजे गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते. त्यातली कुणी ऑर्डरी टाकून बांबोळीच्या इस्पितळापर्यंत आली, तर दुखणं अंगावर काढण्यापलीकडे गेलंय असंच मी धरून चालतो. ही तिशीची बाई नवऱ्याला घेऊन आली होती. नवरा वीज खात्यात लाइनमन. डावा डोळा चार दिवस धूसर, आणि नजर बाजूला फिरवली की आतून ठणकतो. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, आतला पडदा ठीक आहे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

"लाल ब्लाउजला दोरा लावला, तर गिऱ्हाईक म्हणालं हा राणी कलर. मला दोन्ही सारखेच दिसत होते," ती म्हणाली.

बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीला लाल बूच असतं. ते आळीपाळीने एकेका डोळ्यासमोर धरलं. उजव्याने लालभडक, डाव्याने "विटका". मग खोलीत अंधार करून टॉर्च. उजव्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसत. टॉर्च झटकन डावीकडे नेला की डावी बाहुली आकसण्याऐवजी पसरायची. म्हणजे बिघाड डोळ्याच्या नसेत, डोळ्याच्या मागे. ऑप्टिक न्यूरायटिस.

इथे थांबून स्टेरॉइड लिहून देता आलं असतं. पण या वयात नसेला अशी सूज आली, की मागे काय काय झालं होतं ते खोदून विचारावंच लागतं. नुसतं "आणखी काही त्रास?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. मी मानेचं विचारलं, तेव्हा नवराच पुढे झाला. गेल्या वर्षी मशीनवर वाकली की पाठीतून पायांपर्यंत करंट उतरायचा. मणक्याचा त्रास म्हणून पट्टा मिळाला, दोन-तीन महिन्यांत थांबलं. शिवणकाम करणारीची मान दुखली तर कुणालाही तेच वाटेल. पण मान झुकवल्यावर उतरणारा करंट हे लर्मिटचं चिन्ह, आणि त्याचा पत्ता बहुधा मानेतल्या मज्जारज्जूचा असतो.

त्याच्याही आधी, बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत उजवा पाय कमरेपर्यंत बधिर. घरच्यांनी अशक्तपणा समजून तेल लावलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं. "न्हाल्यावर पाय जास्तच जड व्हायचा," ती म्हणाली, आणि मी पेन खाली ठेवलं. आवरण झिजलेल्या नसेतून उष्णतेने संदेश आणखी अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी 1890 साली हे नोंदवलं. एमआरआय नव्हता तेव्हा निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत असत.

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे वायरीचं इन्सुलेशन गेलं?" याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती झिजवते तो आजार, हे नाव मात्र मी त्या दिवशी "शक्यता" म्हणूनच काढलं. ही एकच तपासणी केली की कळलं, असा हा आजार नाही. त्याच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष 2001 पासून आहेत, नंतर अनेकदा सुधारले. मूळ अटी तीन: मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी इजा, ती एकाहून अधिक वेळी झाल्याचा पुरावा (2024 च्या सुधारणेनंतर ही अट दर वेळी लागत नाही), आणि या सगळ्याला दुसरं कारण नाही याची खात्री. तिसऱ्या अटीकडे घाईत दुर्लक्ष होतं. अर्धशिशीवाल्यांच्या एमआरआयतही पांढरे ठिपके असतात, आणि तेवढ्यावर हे नाव चिकटलेली माणसं रडवेली होऊन येतात.

तिच्या एमआरआयत मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला लंबगोल डाग होते, एक मेंदूच्या सालीलगत, एक मानेच्या मज्जारज्जूत, आखूड. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर त्यातला एकच उजळला. म्हणजे तो ताजा, बाकीचे जुने. एकाच फिल्मवर दोन काळ. पडद्यावर बुद्धिबळाचा पट उलटसुलट करून घेतात त्या चाचणीतही डाव्या डोळ्याचा संदेश उशिरा पोचत होता.

पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढून तपासण्यावर घर अडलं. "सुई घातली की पाय जातात," सासूबाईंचं ठाम मत. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, हे चित्र काढून दाखवल्यावर कशाबशा राजी झाल्या. पाणी आणि रक्त सोबतच पाठवावं लागतं. ऑलिगोक्लोनल पट्टे (अँटिबॉडी-प्रथिनांच्या खुणा) पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, तरच अर्थ. तिच्या पाण्यात होते. बी-12 ठीक. अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह. यांच्यासाठी मी हट्ट धरतो, कारण पहिली पॉझिटिव्ह आली तर आजारच वेगळा, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात.

डोळा तोवर स्टेरॉइडच्या सलाईनने बराच सुधारला होता. स्टेरॉइडने सुधारणा लवकर होते, शेवटी नजर किती परतेल यात फारसा फरक पडत नाही, हेही सांगितलं. नाहीतर तेच औषध वाटतं. खरी औषधं पुढचे झटके कमी करणारी, आणि ती निवडण्याआधी दुसरं मूल हवंय का हे विचारावं लागतं. सासूबाई तिच्या आधी "हवंच" म्हणाल्या. मी दोघांना बाहेर बसवून तिलाच परत विचारलं. ती म्हणाली, "हवंय, पण दोन वर्षांनी." गर्भाला घातक अशी एक गोळी यादीत होती, ती मी तिथेच खोडली.