‘कन्व्हर्ट’ चालतंय की, मग ‘मॅजिक’ कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. खरं तर बऱ्याच जणांनी विचारलंय. एका वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम मी हौसेनं करतो. स्कॅनरमधून निघणाऱ्या भल्यामोठ्या टिफ फाइलींचे हलके जेपीजी करायला मी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडींची फाइल, लिहिली आहे आणि मागेल त्याला ती देतो. ती इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमची ‘कन्व्हर्ट’ ही कमांड वापरते. नव्या मशीनवर ती चालवली की इशारा येतो: ‘कन्व्हर्ट’ आता कालबाह्य, ‘मॅजिक’ वापरा. पानं मात्र व्यवस्थित तयार होतात. मग बदलायचं कशाला?

इशारा पहिल्यांदा दिसला तेव्हा मीही तो दिसू नये एवढीच सोय केली होती. एररचा सगळा मजकूर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं नाहीसं होतं तिथे, ढकलला. त्याबरोबर खऱ्या चुकाही तिकडेच गेल्या. एका अंकाची निम्मी पानं बनलीच नव्हती, हे मला आठवड्यानं कळलं.

नावाचं म्हणाल तर ते बदलायलाच हवं होतं. इमेजमॅजिक हे जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँट या रसायन कंपनीत असताना १९८७ साली लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हा ‘कन्व्हर्ट’सारखं सर्वसाधारण नाव खपून गेलं. पण विंडोजमध्ये त्याच नावाची एक कमांड आधीपासून बसलेली असते आणि ती डिस्कवर फाइली साठवायची पद्धत फॅटवरून एनटीएफएस करते! दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ लहान करायला गेलेल्या माणसाला डिस्कच्या कामाची कमांड भेटायची. इमेजमॅजिकमधून २००२ साली वेगळ्या झालेल्या ग्राफिक्समॅजिकनं सगळ्या कमांडींपुढे ‘जीएम’ लावून हा घोळ तेव्हाच टाळला. इमेजमॅजिकनं मात्र सातव्या आवृत्तीत सगळं ‘मॅजिक’च्या छत्राखाली आणलं.

नाव बदलणं पाच मिनिटांचं काम. मी अडलो ते क्रमावर.

माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आधी ‘रिसाइझ ५०%’ (आकार निम्मा कर), मग पानाची फाइल, मग जेपीजीचं नाव असं होतं. ‘कन्व्हर्ट’ हे चालवून घ्यायचं. चित्र अजून आलेलंच नाही, तरी काम लक्षात ठेवायचं आणि मागाहून उरकायचं. ‘मॅजिक’ सरळ सांगतं की रिसाइझ करायला चित्रच नाही. पहिल्या दिवशी मला याचा रागच आला. मग लक्षात आलं, आपण मराठीत असंच तर बोलतो: पान घे, सरळ कर, लहान कर, या नावानं ठेव. वस्तू आधी, काम नंतर. उलटं लिहायची सवय मला कमांडलाइननंच लावली होती. एकाच पानाचं काम असेल तर फारसं बिघडत नाही, पण मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ जोडायचं झालं की कोणतं काम कुणावर होणार हे उलट्या क्रमात पाच वेळा वाचावं लागतं.

सगळंच आधी चित्र, मग काम असं नाही बरं का. पीडीएफमधून पानं काढताना ‘डेन्सिटी ३००’ (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे डीपीआय) फाइलच्या आधीच हवं, कारण ते काम नाही, फाइल कशी वाचायची याची सूचना आहे. ते नंतर लिहिलं तर पान ७२ डीपीआयनंच वाचलं जातं. ए-फोरचं पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं व्हायच्या ऐवजी ५९५ गुणिले ८४२ चं होतं आणि जोडाक्षरं डांबराच्या ठिपक्यांसारखी दिसतात. ही चूक ना जुनं सांगतं, ना नवं.

तोटेही आहेत. सातवी आवृत्ती सहसा एचडीआरआयसह येते, म्हणजे रंगाच्या प्रत्येक आकड्याला १६ ऐवजी ३२ बिट. माझा म्हातारा लॅपटॉप मोठ्या टिफवर धापा टाकतो. आणि एकदम अनेक फाइली बदलणाऱ्या ‘मॉग्रिफाय’ या कमांडला आता ‘मॅजिक मॉग्रिफाय’ म्हणायचं, पण खोड तीच: सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच लिहितं. आधी प्रत काढा, मी एकदा काढली नव्हती.

‘मॅजिक कन्व्हर्ट’ असं लिहून वेळ मारून नेता येते का? येते, पण ती जुनीच पद्धत आहे. इशारा देणाऱ्यांनी तीही टाळायला सांगितलंय.

तुमच्या मशीनवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर तिथे इमेजमॅजिकची सहावीच आवृत्ती आहे, ‘मॅजिक’ सापडणारच नाही. डेबियन १३ मध्ये सातवी आली. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत बघितलं जातं: ‘मॅजिक’ असेल तर ते, नाहीतर ‘कन्व्हर्ट’. पुढच्या ओळी दोघांना सारख्याच, कारण फाइल आधी लिहिलेला क्रम जुन्यालाही चालतो. तेव्हा क्रम आजच सुधारून घ्या, नाव मशीन बदलाल तेव्हा बदला. आणि डेव्ह-नलची ती ओळ माझ्या जुन्या प्रतीत अजून असेल, ती आधी काढा.