तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट्रेटसाठी सॉफ्ट फोकस लेन्स कुठली घेऊ?

चार बाय पाचचा, म्हणजे चार बाय पाच इंचाच्या सुट्या फिल्मशीटवर फोटो काढणारा कॅमेरा हातात आला, नेहमीच्या शार्प लेन्सवर थोडे शीट काढून झाले की हा प्रश्न येतोच. ताई, पोर्ट्रेटसाठी सॉफ्ट फोकस लेन्स कुठली घेऊ, व्हेरिटो, इमॅगॉन का कोडॅक? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते.

उत्तर आधीच सांगते. नाव बघून लेन्स घेऊ नका, अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, बघून घ्या. मऊपणा किती ठेवायचा हे ज्या लेन्सवर तुमच्या हाताने कमीजास्त करता येतं आणि ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या ज्या धूसर काचेवर चित्र दिसतं तिच्यावर, डोळ्यांना दिसतं, ती लेन्स तुमच्या कामाची, मग तिच्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असू दे नाहीतर काहीच नसू दे.

सॉफ्ट फोकस म्हणजे फोकस चुकलेला फोटो, असं अजून खूप लोकांना वाटतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. लेन्सच्या मधल्या भागातून आलेले किरण एका जागी जुळतात आणि कडेचे किरण त्याच्या जरा अलीकडेच जुळतात, हे स्फेरिकल अ‍ॅबरेशन. नेहमीच्या लेन्समधून हा दोष काढण्यासाठी जिवाचं रान केलेलं असतं, सॉफ्ट लेन्समधे तो मुद्दाम ठेवलेला असतो. मधल्या किरणांनी पापणीचा केस न केस उमटतो आणि कडेचे किरण त्यावर उजेडाचा पातळ थर चढवतात. आत रेघ पाहिजेच. आत रेघ नसली की तो फोटो नुसता गेलेला असतो.

आता अपर्चर का म्हणते ते बघा. कडेच्या किरणांचा हा पसारा लेन्सच्या उघड्या भागाच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान, म्हणजे एफ ४ वरून एफ ८ वर आलात की व्यास अर्धा आणि पसारा जवळजवळ आठपट कमी. उजेड निम्मा किंवा दुप्पट झाला की एक स्टॉप. त्यामुळे साध्या लेन्सवर अर्धा स्टॉप म्हणजे किरकोळ गोष्ट, पण इथे अर्ध्या स्टॉपमधे चेहरा बदलतो. इथे कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एक आजी त्यांचा कोल्हापुरी साज घालून बसल्या होत्या माझ्यासमोर, तेव्हापासून मी कुठलीही लेन्स साजावर तपासते. एफ ४ ला सगळे सोन्याचे मणी वितळून एकच पट्टा होतो, ५.६ ला प्रत्येक मण्याला कड राहते आणि कडेबाहेर थोडा उजेड सांडतो, ८ ला नक्षी मोजता येते आणि तेज उरत नाही फारसं. मला ५.६ आवडतं, कधी ५.६ आणि ८ च्या मधे कुठेतरी. तुमचा नंबर वेगळा निघेल, पण तो तुम्हालाच काढावा लागेल.

आता नावं. वोलेनसॅकची व्हेरिटो, अमेरिकेतल्या रॉचेस्टरची, एफ ४ ची, जुन्या स्टुडिओंची लाडकी. पूर्ण उघडी ठेवली तर फारच मऊ, बंद करत नेली की हळूहळू शार्प होते आणि मधला प्रत्येक टप्पा वापरता येतो, म्हणून मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण मोठ्या साइजच्या व्हेरिटो जड असतात, तुमच्या कॅमेऱ्याचं पुढचं स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, तेवढं वजन पेलतं का आधी बघा. कोडॅकची पोर्ट्रेट लेन्स ३०५ मिलीमीटर एफ ४.८ आणि ४०५ मिलीमीटर एफ ४.५ अशा दोन साइजमधे यायची, काम सुंदर करते, वजन तिचंही तसंच. रोडेनस्टॉकची इमॅगॉन सगळ्यात जास्त विचारली जाते. हाइनरिश क्यून या फोटोग्राफरचा तिच्यामागे हात होता, १९३०च्या आसपास ती बाजारात आली आणि पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. तिला साध्या अपर्चरऐवजी भोकांच्या चकत्या असतात, मधलं मोठं भोक शार्प चित्र देतं आणि बाजूची बारीक भोकं मऊ चित्र देतात, चकती फिरवून ती बारीक भोकं उघडायची किंवा झाकायची. कल्पना फार हुशार आहे. पण साजासारखी चमकणारी वस्तू फोकसच्या बाहेर गेली की त्या भोकांची नक्षी फोटोत उतरते, ते मला आवडत नाही, दागिन्यांशिवायचा चेहरा असेल तर इमॅगॉनसारखी त्वचा कोणी देत नाही हेही तितकंच खरं. बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथचं नाव ऐकलं असेल, शंभर वर्षांपूर्वीच्या पिक्टोरियल लोकांच्या, म्हणजे चित्रासारखे मऊ फोटो काढणाऱ्यांच्या, आवडत्या लेन्स, आता त्यांच्या किमती संग्राहकांच्या झाल्यात. त्याच धर्तीवर कुक कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला पीएस ९४५ काढली, २२९ मिलीमीटर, एफ ४.५, तीही आपल्या खिशाबाहेरची.

काही जण सांगतात की जुन्या, दोन सारख्या भागांच्या रॅपिड रेक्टिलिनियर लेन्सचा पुढचा भाग काढला की सॉफ्ट लेन्स तयार. करून बघा, पण फार अपेक्षा नको. मूळ लेन्स एफ ८ ची, अर्धी काढली की फोकल लेंथ दुपटीच्या जवळ जाते आणि हातात उरतं एफ १६, एवढ्या बारीक उजेडात मऊपणा कुठून येणार.

घ्यायच्या आधी बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्मच्या मधला घड्यांचा भाता, मोजा, हे मी प्रत्येकाला सांगते. ३०० मिलीमीटरची लेन्स चार बाय पाचवर डोकं-खांद्यासाठी लावली की बेलोज साधारण ३६५ मिलीमीटर ओढावे लागतात, वर अर्धा स्टॉप जास्त एक्स्पोजर. नुसता चेहरा भरायचा तर अजून लांब. ज्यांच्या हलक्या फील्ड कॅमेऱ्याचे बेलोज तीनशेपर्यंतच जातात त्यांनी २१० ते २५० च्या पुढे बघूच नये.

आणि आता माझ्या मनातलं खरं उत्तर. पहिली सॉफ्ट लेन्स विकत घेऊ नका, बनवून घ्या. ७७ मिलीमीटरचा प्लस ४ चा क्लोजअप फिल्टर आणा, म्हणजे जवळचे फोटो काढायला लेन्सपुढे लावतात ती काच, एकाच काचेचा. हजार भागिले चार, म्हणजे २५० मिलीमीटरची लेन्स झाली तुमची. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे जा, अ‍ॅल्युमिनियमची नळी आटे पाडून आणि लेन्सबोर्डवर, म्हणजे लेन्स बसवायच्या फळीवर, बसेल अशी फ्लँज (कडेची चकती) करून मागा, आतून मॅट काळा रंग द्या. काचेची खोलगट बाजू माणसाकडे, तिच्या पुढे थोड्या अंतरावर काळ्या कार्डाचा स्टॉप, म्हणजे भोक पाडलेलं कार्ड. ६२ मिलीमीटरचं भोक म्हणजे एफ ४, ४५ चं म्हणजे ५.६, ३१ चं म्हणजे ८. तीन कार्डं कापली की झालं. यात कमीपणा वाटून घेऊ नका, बाबूराव पेंटरांच्या मंडळींनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला होता, आपण तर एक नळी करतोय. शटर नसतं, मग आयएसओ कमी ठेवायचा, उजेड खिडकीचा घ्यायचा आणि झाकण काढून एक सेकंद मोजून परत लावायचं. समोरच्याच्या डोक्यामागे काहीतरी टेकू द्या, एक सेकंद मान स्थिर ठेवणं वयस्कर माणसांना जड जातं.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवायलाच पाहिजे. एकाच काचेत निळा उजेड पिवळ्या-हिरव्यापेक्षा लेन्सच्या जवळ जुळतो, आणि आपला डोळा ग्राउंड ग्लासवर पिवळ्या-हिरव्यालाच फोकस करतो. स्वस्त मिळते म्हणून एक्स-रे फिल्म वापरणारे खूप आहेत, ती निळ्याला जास्त जागी असते, त्यामुळे बघितलं एक आणि उमटलं दुसरं असं होतं. २५० च्या काचेला हा फरक चार-पाच मिलीमीटरचा असतो, डोळ्याने फोकस केल्यावर बेलोज तेवढे आत घ्यावे लागतात. नाहीतर पॅन फिल्म, म्हणजे सगळे रंग टिपणारी, आणि पिवळा फिल्टर, मी हेच करते. एक्स-रे फिल्मवर आपली सावळी त्वचा आणि ओठ गरजेपेक्षा जास्त काळे पडतात, गुलाबी फेटासुद्धा ओळखू येत नाही, हे वेगळंच दुखणं.

फोकस नेहमी ज्या अपर्चरवर फोटो काढणार त्याच अपर्चरवर करा. एफ ४ ला डोळ्यावर फोकस करून मग ८ वर गेलात तर फोकस मागे कानाकडे सरकतो. लूप, म्हणजे भिंग, लावून डोळ्यातला खिडकीचा ठिपका बघा, मधे टोकदार बिंदू आणि भोवती गोल उजेड दिसला की थांबा.

उजेडाबद्दल लोक कमी विचारतात, आणि माझ्या मते अर्धी लेन्स उजेडातच असते. ढगाळ सपाट उजेडात सॉफ्ट लेन्स सगळं राखाडी करून टाकते, कारण सांडायला हायलाइटच नसतो. मंगळवार पेठेतल्या माझ्या माडीला उत्तरेची एकच खिडकी आहे, ती एका बाजूला घेते, मागे काळं घोंगडं टांगते. तालमीतले एक जुने वस्ताद पांढरा फेटा बांधून आले होते, फेट्याच्या घड्यांवरून उजेड कपाळावर उतरला आणि गालावरची जुनी खूण तशीच स्पष्ट राहिली, त्या फोटोला रिटचिंगची पेन्सिल लावावी लागली नाही. बाहेर पाऊस असेल त्या दिवशी मी शार्प लेन्स लावते, सरळ.

एवढं करून व्हेरिटो नाहीतर इमॅगॉन हवीच असेल तर घ्या, मी अडवणार नाही. दोन-तीन महिने घरच्या काचेवर काढलेत की तुम्हाला ५.६ पाहिजे का ४, हे कळलेलं असेल आणि विकणाऱ्याला नेमकं विचारता येईल. इमॅगॉन असेल तर सगळ्या चकत्या आहेत ना ते बघा, एखादी नसली तर तेवढे टप्पे गेले. दोन काचा चिकटवलेली लेन्स असेल तर कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात का बघा, दिसले तर बाल्सम, म्हणजे काचा चिकटवणारा डिंक, सुटायला लागलंय. मागून टॉर्च मारून धूसरपणा आणि बुरशी तपासा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी वाढायला वेळ लागत नाही, आणि धूसर झालेल्या काचेचा मऊपणा अपर्चर बंद करून जात नाही, तो सगळ्या स्टॉपवर तसाच राहतो.