जांघेतली गाठ आणि रात्रीचं रक्त

नोकरी नागपुरात असली तरी धानाच्या रोवणीला मी दरवर्षी भंडाऱ्याकडच्या गावी जातोच. यंदा बांधीत पऱ्हे लावून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर टांग टाकताना उजव्या जांघेत कळ गेली. चाचपून पाहिलं तर लिंबाएवढी गाठ. बोट टेकवलं तरी जीव कळवळत होता, अंगात कणकणही होती. आदल्या रात्री तिथे काही नव्हतं.

आई म्हणाली, "अवधाण आलं असन. पायाले काई लागलं का रे?"

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. पण लागलेलं काहीच आठवेना. मग डोक्यात हर्निया, टीबी आणि ज्याचं नावही घ्यायचं नाही ते, सगळं येऊन गेलं. शेजारचे काका तेल चोळायला सांगत होते. ते टाळून मी ग्रामीण रुग्णालय गाठलं.

डॉक्टर तरुण होते. आधी उभं करून खोकायला लावलं. हर्निया असला तर खोकताना फुगवटा वाढतो, आडवं झालं की बहुधा आत जातो. माझी गाठ जागची हलली नाही. "आत न जाणारी, दुखणारी गाठ आणि सोबत उलट्या असत्या, तर तुम्हाला इथे बसवूनच ठेवलं नसतं," ते म्हणाले. मग मान, काखा, दुसरी जांघ तपासली. लैंगिक संबंधांबद्दल सरळ विचारलं, गुप्तांगावर फोड किंवा जखम आहे का तेही पाहिलं. मला घाम फुटला, पण त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. हे विचारावंच लागतं, कारण तिथल्या संसर्गानेही याच गाठी सुजतात.

शेवटी म्हणाले, "चप्पल काढा." करंगळी आणि शेजारच्या बोटामधली बेचकी पांढरी पडून चिरली होती. चिखल्या! पावसाळ्यात गावात कोणाला नसतात? पण त्या भेगेतून जंतू आत शिरले होते, आणि पायाकडून येणारा लसिकेचा (शरीरात झिरपणाऱ्या पातळ द्रवाचा) प्रवाह जांघेतल्या गाठींतून जातो, म्हणून तिथे सूज. आईचं निदान निम्म्याहून जास्त बरोबर होतं.

अँटिबायोटिकचा कोर्स, बेचकीत लावायला बुरशीवरचं मलम, बोटं कोरडी ठेवायची, गाठ चोळायची नाही. रक्तातली साखरही तपासली, कारण मधुमेहात असे संसर्ग चिवट होतात. ती ठीक निघाली.

जिल्हा हत्तीरोगाचा, म्हणून रात्रीचं रक्त द्यायला सांगितलं. या रोगाचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. एवढ्या रात्री बोट टोचून घ्यायला जाणारा मी एकटाच असेन असं वाटलं होतं, पण तिथे रांग होती. माझ्या रक्तात काही सापडलं नाही.

दुखणं लवकर थांबलं, गाठ मात्र हळूहळू विरली. महिनाभरात ओसरली नाही, टणक झाली किंवा वाढली, तर सोनोग्राफी करून सुईने नमुना घेऊ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही.

पुढे हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून त्या सगळ्यांनाच देतात, तब्येत ठणठणीत असली तरी. आमच्या गल्लीत बरेच जण "जेवल्यावर घेतो" म्हणून खिशात टाकतात. मी त्यांच्यासमोरच गिळल्या आणि काकांनाही गिळायला लावल्या.