डायपर भरून गळतोय की बसत नाही म्हणून?

मोठ्यांच्या डायपरबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "रात्री गादी भिजते". त्यावर घरोघरी एकच उपाय होतो, एक साइज मोठा आणायचा. बहुतेक वेळा गळती त्यानेच वाढते. मोठा डायपर जांघेत सैल बसतो आणि लघवी शोषली जाण्याआधीच बाजूने बाहेर येते.

म्हणून आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. कोरा डायपर तोलून ठेवा आणि गळाल्यावर पिशवीत घालून पुन्हा तोला. फरकाचा १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली लघवी. २००-२५० ग्रॅमलाच गळला तर दोष मापाचा किंवा बांधण्याचा. ७००-८०० ग्रॅम भरून गळला तर जास्त शोषणारा घ्यावा लागेल, नाहीतर लवकर बदलावा लागेल. दोन-तीन दिवस वेळेसकट हे आकडे लिहून ठेवले की दुकानात नेमकं काय मागायचं ते कळतं.

पाकिटावरचा मिलीचा आकडा शब्दशः घेऊ नका. तो प्रयोगशाळेतला असतो. तिथे डायपरवर माणसाचं वजन पडत नाही आणि एका दमात ३०० मिलीही येत नाही. आतली जेल होणारी पावडर साध्या पाण्यापेक्षा खारट लघवी कितीतरी कमी शोषते, त्यामुळे घरी पाण्याचा ग्लास ओतून केलेली परीक्षाही फसवीच.

मापासाठी कंबर आणि बैठकीचा घेर टेपने मोजा. जो जास्त भरेल त्यावरून साइज ठरवा. 'एम' आणि 'एल' वर विसंबू नका, कंपनी बदलली की इंच बदलतात.

चालता-फिरता माणूस असेल तर पँटसारखा घालायचा डायपर बरा. काढताना तो खाली ओढत बसू नका, बाजूच्या शिवणी फाडा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी चिकटपट्ट्यांचाच घ्या, कुशीवर वळवून बदलता येतो. खोकला-शिंक आली की थोडं थेंब-थेंब होणाऱ्यांना अख्खा डायपर कशाला? लघवीसाठीचा पॅड पुरतो. मासिक पाळीचा पॅड मात्र चालत नाही, लघवी एकदम येते आणि तेवढ्या वेगाने तो ती ओढून घेऊ शकत नाही.

बांधण्याआधी डायपर लांबीत दुमडून उघडा, म्हणजे आतल्या दोन्ही कडा उभ्या राहतात. बांधल्यावर जांघेत बोट फिरवून त्या आत दबल्या नाहीत ना ते पाहा. आधी खालच्या पट्ट्या किंचित वरच्या दिशेने लावा, मग वरच्या. कमरेशी दोन बोटं जावीत. पुरुषांमध्ये लिंग खालच्या दिशेला ठेवा, नाहीतर लघवी थेट पोटावरून बाहेर येते. ही एवढीशी गोष्ट राहिली म्हणून कितीतरी चादरी धुवाव्या लागतात.

एकावर एक दोन डायपर घालू नका. आतल्याला बाहेरून प्लास्टिक असतं, त्यामुळे ओल बाहेरच्यात जातच नाही आणि मधल्या मध्ये कातडीला उबारा होतो. गादीवर अंडरपॅड (अंगाखाली पसरायचा शोषून घेणारा पॅड) जरूर टाका, पण तो गादीसाठी आहे, डायपरऐवजी नाही.

शी झाली की लगेच, एरवी चार ते सहा तासांनी बदला. पुसताना पुढून मागे पुसा आणि घासू नका, टिपून कोरडं करा. टाल्कम पावडर घड्यांत गोळा होते, ती नकोच. झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. जाड थर डायपरला लागतो आणि त्याची शोषण्याची वाट बंद करतो.

गळतं म्हणून पाणी तोडणारे पुष्कळ. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशयाला अधिक टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होतो आणि त्यानेही गळती वाढते. एकाएकी सुरू झालेली गळती, जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर डायपर निवडत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

वापरलेला डायपर आत गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि वर लाल ठिपका रंगवून वेगळा द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून देणं बंधनकारक केलं. ठिपका पाहून कचरा वेचणाऱ्या बाईंना पुडकं उघडावं लागत नाही.